रविवार कोणाचा

तुम्हाला सांगतो, वयाच्या चोविसाव्या वर्षी मी संत होतो. थट्टा नाही करत! जबलपुरात आमची मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजून चाळीस घरं, आणि चाळीसही घरांत माझा विषय निघाला की आया आपापल्या पोरांना म्हणायच्या, "शिक काही त्याच्याकडून." बिडी नाही, पान नाही, पत्ते नाहीत, सिनेमा नाही. शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद आला की मी हात जोडून नम्रपणे नको म्हणायचो, आणि ते नको म्हणताना मला जो आनंद व्हायचा तो शिरा खाऊनसुद्धा झाला नसता. हे आत्ता कळतं. तेव्हा वाटायचं, हेच पवित्र जीवन.

आई तर माझ्याही वर. तिचे वडील नगरकडून इकडे आले ते शास्त्र, म्हणजे बायबल, बगलेत मारून, आणि तिनं ते कधी खाली ठेवलं नाही. आमच्या घरी रविवारी सकाळी चूल पेटत नसे. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो; तर देवळातून येईपर्यंत शनिवारची भाकरी आणि चटणी. उपासना आटोपली की मग मटण. मोह कुठून कसा येतो याची आईजवळ भलीमोठी यादी होती आणि ती मला पाठ होती. ज्या मोहानं मला गाठलं तो मात्र त्या यादीत नव्हता.

पासष्ट साल. लढाई लागली आणि जबलपूर पेटून उठलं, दुसरा शब्दच नाही! खिडक्यांना खाकी कागद, सायकलच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग, पानठेल्यावर रेडिओभोवती ही गर्दी. जवानांची गाडी स्टेशनात आली की बाया पुऱ्यांच्या टोपल्या घेऊन धावायच्या. आणि आम्ही कोण, तर कारखान्याची माणसं! मी लेथवर टर्नर होतो. तोफेच्या गाड्याला लागणारे भाग कातायचो. चार बोटांचा तुकडा हातात घेऊन वाटायचं, हा उद्या सीमेवर! बारा बारा तास उभं राहून पाय भरून यायचे, पण घरी जायला मन व्हायचं नाही. भोंगा झाला की अंगावर काटा यायचा. खरं सांगतो, तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

आमच्या लेथवर आम्ही दोघं जोडीदार. दुसरा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, मराठीच, जबलपुरातल्याच गोरखपूर भागात राहायचा. मी त्याला दादा म्हणायचो. कमी बोलणारा, चष्मा सतत नाकाच्या शेंड्यावर. कामात असा बारीक, की त्याच्या हातचा तुकडा तपासणीतून कधी परत आला नाही. मला सगळं शिकवलं ते त्यानंच.

लढाईमुळे मशीन सातही दिवस चालवायचं ठरलं. दोघांना आठवड्यातून एकेक सुट्टी, पण वेगवेगळ्या दिवशी. दादा सीनियर, त्याला रविवार. मला बुधवार.

झालं! माझ्या संतपणाला आव्हान! मी फोरमनसमोर ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, "साहब, इतवार को मैं नहीं आऊंगा. देवाला दिलेला दिवस बदलता येत नाही." अर्धं हिंदी, अर्धं मराठी, संतापलो की माझं तसंच होतं. फोरमन माणूस वाईट नव्हता. त्यानं एवढंच म्हटलं, "लड़ाई चल रही है भैया, आना पड़ेगा."

मी तीन दिवस उपास धरला. डबा न्यायचो आणि उघडायचो नाही. जेवणाच्या सुट्टीत मशीनमागे गुडघे टेकून प्रार्थना. दादा बघायचा, भाकरी पुढे करायचा, मी मान हलवायचो. चौथ्या दिवशी सकाळी फोरमन आला आणि म्हणाला, "जाओ, तुम्हारा इतवार हो गया. बुधवार ये लेगा." आणि दादाकडे बोट केलं.

"दादा, तुम्हाला चालेल?" मी विचारलं.

"मले काय, रविवार काय नि बुधवार काय," तो म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.

काहून, कसं, एका शब्दानं मी पुढे विचारलं नाही. विचारणार कसा? माझ्यासाठी चमत्कार झाला होता!

देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो; त्या चमत्काराची साक्ष मी पहिल्यांदा दिली ती शेजारच्या एका ख्रिस्ती घरी, प्रार्थनासभेत. तेव्हा फोरमन नुसता रागावला होता. दुसऱ्या सभेत त्यानं टेबलावर मूठ आपटली. तिसऱ्या वेळी तो रात्रभर झोपला नव्हता आणि त्याचे डोळे भरून आले होते. आता हे मी खोटं बोलत होतो का? शपथेवर सांगतो, मला तसं वाटतच नव्हतं. मंडळी "आमेन" म्हणायची आणि फोरमनचे डोळे आपोआप ओले व्हायचे. दादाचा उल्लेख असायचा एवढाच, की "देवानं माझ्या जोडीदाराचं मन वळवलं." जसा काही तो लेथचा दांडा, फिरवला की फिरला.

साक्ष इतकी गाजली की आमच्या देवळाचे धर्मगुरू, पाळकसाहेब, घरी आले. उपकारस्तुतीच्या, म्हणजे वर्षभराचे देवाचे आभार मानायच्या रविवारी नागपूरहून मोठे पाहुणे येणार होते, देवळात पाय ठेवायला जागा राहणार नव्हती. तिथं उपदेशाच्या आधी मी साक्ष द्यावी! आणि नव्या वर्षी देवळाचा कारभार बघणाऱ्या पंच मंडळात माझं नाव सुचवायचा त्यांचा विचार होता. चोवीस वर्षांचा पंच! आईनं पाळकसाहेबांना चहात साखर दोनदा घातली, एवढी ती हरखली. मी त्या रात्री आरशासमोर हात वर करून बघितला, कसा दिसतो ते.

त्याच आठवड्यातला बुधवार. दादाची सुट्टी. आदल्या दिवशी तो चष्मा मशीनवरच विसरून गेला होता. चष्म्याशिवाय बिचाऱ्याचं अडेल म्हणून पाळी संपल्यावर मी सायकल गोरखपूरकडे वळवली. इतकी वर्षं जोडीनं काम केलं, पण त्याच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो.

दादा चक्कीवर दळण घेऊन गेला होता. दार त्याच्या आईनं उघडलं, म्हणजे भिंतीला धरत धरत येऊन उघडलं. गुडघे पार धरलेले. दादा तिला माय म्हणायचा हे मला माहीत होतं. घरात तिसरं माणूस नव्हतं. दादानं लग्न केलं नव्हतं.

"दादांबरोबर काम करतो मी. चष्मा द्यायला आलो."

"बस बाप्पा, बस. येतेच तो." आणि नको नको म्हणत असताना तिनं चहा ठेवलाच.

समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. रविवारचे आकडे लाल, आणि त्यांतल्या पाच आकड्यांवर कुंकवाची टिकली. पाच ओळीनं. त्यानंतर कोरं.

"हे काय आहे?" मी सहज विचारलं.

"माझा नवस आहे. धाकटा फौजेत आहे नं माझा, सीमेवर गेला. तो धड परत यावा म्हणून अकरा रविवार नर्मदेत बुडी मारीन, उपास धरून, असं बोलली मी. सलग अकरा, खंड नाही पडला पाहिजे. मोठा मले सायकलवर बसवून ग्वारीघाटाले नेत होता. पायऱ्या उतरता येत नाही मले, पाठीवर घेऊन पाण्यात उतरवत होता. पाच झाले." तिनं कपात चहा ओतला. "मग त्याची सुट्टी बुधवारावर गेली."

तो बुधवार कोणामुळे आला, हे मला कळत होतं. तरी बघा माझी अक्कल! मी म्हटलं, "मग बुधवारी जायचं."

ती हसली. "अरे, नवस रविवारचा बोलली नं मी. देवाले दिलेला दिवस बदलवता येते का?"

माझंच वाक्य! शब्दाला शब्द! फोरमनसमोर छाती काढून बोललेलं.

"शेजारच्या बायांनी नेलं एकडाव," ती सांगत होती, "पण मी पायरीवरच घसरली. त्या घाबरून गेल्या. त्याच्या जोडीचा एक पोरगा आहे, किरिस्ताव आहे म्हणते. त्याचाही वार रविवारच. तीन दिवस जेवला नाही तो. माझा मोठा घरी येऊन चूप बसून राहिला. मग मीच म्हटलं, देऊन टाक त्याले. जवान पोरगं देवासाठी उपाशी राहून राहिलं, आपण काहून आडवं यायचं? आणि त्याले काही सांगू नको म्हटलं, उगाच जिवाले लावून घेईल."

"आणि तुमचा नवस?"

"माझं काय. करीन पहिल्यापासून, धाकटा घरी आला की." असं म्हणाली आणि मग स्वतःच थांबली. नवस होता तो यावा म्हणून, आणि ती म्हणत होती तो आला की करीन. तिनं पदर तोंडाला लावला. "पत्र नाही आलं त्याचं दोन महिन्यांपासून," एवढंच म्हणाली.

तोफा थांबल्या असं रेडिओ सांगत होता, पण जवान सीमेवरच होते. कोण आहे, कोण नाही, कोणालाच कळत नव्हतं. मी चष्मा तिथं ठेवला आणि दादा यायच्या आत पळालो. हो, पळालो!

आता मोहाचं सांगतो. तो त्या सायकलवर माझ्या मागं कॅरियरवर बसून आला आणि त्याला सगळं शास्त्र तोंडपाठ होतं. म्हणाला, अरे, नदीत बुडी मारून गोळी चुकते का? ही मूर्तिपूजा. तू तिच्या मूर्तिपूजेला मदत करणार? तू तर शब्बाथ, देवाचा विसाव्याचा वार, पाळलास. तिनं दिला, तू घेतलास. मागायला गेला होतास का? आणि चार दिवसांवर उपकारस्तुती. साक्ष दे, मग पुढचं पुढे बघू. एकच तर रविवार! इतकं गोड, इतकं पटण्यासारखं. सिनेमाचा मोह मी सात वेळा परतवला असेल, पण हा मोह देवळाच्या आत, पहिल्या बाकावर बसायला बोलावत होता. आणि मला जायचं होतं हो! फार जायचं होतं. आरशात बघितलेला तो वर केलेला हात सारखा डोळ्यांसमोर येत होता.

घरी पोचेपर्यंत मी स्वतःवर इतका चिडलो होतो की सायकल भिंतीवर आदळली. पवित्र जीवन! एका म्हातारीच्या पोराच्या जिवावर मी संत होऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी फोरमनसमोर पुन्हा उभा. "साहब, इतवार को मैं आऊंगा. बुधवार मुझे दे दो."

फोरमन बघतच राहिला. "तीन दिन भूखा रहा, अब क्या हो गया? भगवान बदल गया क्या?"

"नहीं साहब. मैं बदल गया," मी म्हटलं. फोरमननं कपाळावर हात मारला आणि रजिस्टर ओढलं.

पण दादा! तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "मायनं दिलेली गोष्ट परत काहून करून राहिला तू? दिलं ते दिलं!"

"मला कोणी सांगितलं का आधी?" मीही आवाज चढवला.

"तू विचारलं का?"

लेथ गरगरत होतं, दोघांच्या हाताला तेल, आजूबाजूचे लोक काम सोडून बघायला लागलेले. मी शेवटी म्हटलं, "दादा, रविवारी मी इथं उभा राहणारच आहे. रजिस्टरात तुमची सुट्टी लागली आहे, तुम्ही आलात तर फोरमन परत पाठवेल. त्यापेक्षा मायला घेऊन जा." तो चष्मा काढून पुसायला लागला, आणि पुष्कळ वेळ पुसत राहिला.

सर्वांत अवघड राहिलं होतं ते घरी. शनिवारी संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, आरशासकट. मला वाटलं, आता आकाश कोसळेल. "रविवारी? कारखान्यात? उपकारस्तुतीच्या दिवशी?" इतकं तिनं विचारलं आणि मग तोंड फिरवून भांडी घासायला बसली. मी म्हटलं, पाळकसाहेबांना जाऊन सांगतो. ती म्हणाली, "मी बघते त्यांचं. तू झोप."

सकाळी उठलो तर घरात धूर. आईनं चूल पेटवली होती! रविवारी, देवळाच्या आधी! गरम भाकरी आणि वांग्याची भाजी डब्यात भरून तिनं तो माझ्या हातात दिला. "बारा तास उभं राहायचं, शिळं नको," म्हणाली. माझ्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही. मी डबा सायकलला अडकवला आणि निघालो.

त्या दिवशी देवळात काय झालं ते मला पाळकसाहेबांनी पुढं सांगितलं. साक्षीची वेळ झाली, त्यांनी मला पुकारलं. आई कोणालाच काही बोलली नव्हती! ती बायकांच्या बाकावरून उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझा मुलगा कामावर गेलाय. दुसऱ्याचा रविवार त्यानं घेतला होता, तो परत करायला गेलाय." आणि खाली बसली. पाहुण्यांना काही समजलं नाही. मंडळीत कुजबूज झाली. पंच मंडळात माझं नाव त्या वर्षी सुचवलं गेलं नाही, पुढेही कधी नाही.

पण तो दिवस! दहाच्या सुमाराला देवळात पहिलं गीत सुरू होतं हे मला माहीत होतं. मी लेथच्या आवाजात ते गीत म्हणायला लागलो, मोठ्यानं, कोणाला ऐकू जात होतं म्हणून! दूर तिकडे माय आत्ता पाण्यात उतरत असेल, पहिली टिकली आज लागेल, असं मनात आलं आणि मला इतका आनंद झाला, इतका, की हातातला तुकडा जपून धरावा लागला. शिरा नाकारल्यावर व्हायचा तो आनंद नव्हे. हा वेगळाच होता. ह्यात मला बघणारं कोणी नव्हतं.

धाकट्याचं आधीच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. होळीच्या सुमाराला तो आला, डाव्या हाताची दोन बोटं गमावून, पण आला. माय म्हणाली नर्मदामाईनं आणला. आई म्हणाली प्रभूनं आणला. त्यावर दोघी कधी भांडल्या नाहीत, एवढं खरं.

पण अकरावा रविवार आला तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पत्र आलेलं नव्हतं. नाताळ आठवड्यावर होता. मी कारखान्यातून घरी आलो, पाय धुतले, आई करंज्यांसाठी पीठ मळायला बसलेली, आणि दारात सायकलची घंटी वाजली. दादा! कॅरियरवर माय, डोक्यावरून शाल घेतलेली. अकरावी बुडी मारून, कपडे बदलून, घाटावर संध्याकाळच्या आरतीपर्यंत थांबून दोघं तडक आमच्याकडे आलेली.

माय खाली उतरली, दादाच्या खांद्याला धरून. मला निरखून बघितलं. "तूच होता का रे तो? त्या दिवशी माझा चहा पिऊन पळाला!"

मी मान खाली घातली.

तिनं शालीतून एक नारळ काढला. प्रसाद! माझ्याहून जास्त मला आईची काळजी. ती पाठीमागे पिठाच्या हातांनी उभी होती, आणि नदीला वाहिलेला नारळ आमच्या घरात कधी आला नव्हता. नाही म्हणावं तर ह्या म्हातारीला काय वाटेल, आणि घ्यावा तर आईला काय वाटेल!

पण माय आधीच बोलून राहिली होती. "नर्मदामाईचा वेगळा होता, तो वाहिला. हा तुझा. ह्याले कुंकू नाही लावलं मी, पाण्यातही नाही घातला. मोठ्याले म्हटलं, सायकलच्या दांड्याले बांधून ठेव, ओला नको होऊ देऊ. तुमच्यात चालत नाही नं वाहिलेलं." तिनं नारळ माझ्यापुढे धरला. "बघ, कोरडा आहे. तुझ्या देवाले चालेल नं?"

चोवीस वर्षांचा संत, साक्षी देणारा मी, वळून आईकडे बघायला लागलो.

"चालेल," पाठीमागून आई म्हणाली. पुढे होऊन तिनं पिठाच्या दोन्ही हातांनी तो नारळ घेतला. "करंज्यांत घालते. आत या तुम्ही. माझ्या हातचा चहा तुम्हाला चालत असेल तर."

मायनं दादाचा खांदा सोडला, दाराची चौकट धरली आणि एकेक पाय उचलून उंबरा ओलांडला.

"साखर जास्त टाक बाई," ती म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही."